शेजारणीचं शिलाई मशीन

मशीनच्या तेलाचा वास आला की पिंपरीतली आमची बैठी चाळ आठवते. माझं नुकतंच लग्न झालं होतं. शेजारी फाळणीत सगळं गमावून आलेली एक विधवा राहायची. शिवणकामावर दोन मुलं पोसायची. एका दुपारी ती नळावर गेली असताना गल्लीतल्या दोन गुंडांनी तिचं मशीन उचलून नेलं. मी ते खिडकीतून पाहिलं. संध्याकाळी हवालदार चौकशीला आला, तेव्हा आमचे हे माझ्या कानाशी कुजबुजले, “गप राहा, आपल्याला इथंच राहायचंय.” मी हवालदाराला म्हटलं, “मी झोपले होते.” त्यानं वही मिटली. त्याच्यामागे उभी असलेली शेजारीण माझ्याकडे बघत राहिली. आठवड्याभरानं, तिच्याकडे शिवायला दिलेलं माझं अर्धवट राहिलेलं पोलकं तिनं हातानं शिवून आणून दिलं. ते मी आजवर घातलेलं नाही.