भोग नाही, दुक्ख म्हणा

मी चौथीपर्यंत शिकलो. तरी एका शब्दाचा अर्थ मला कोणी सांगायची गरज नाही. तो बापाने सांगितला आहे.

नागपूरहून धम्म घेऊन आल्यावर बापाने घरातले देव वैनगंगेत सोडले. पुढे एकदा अंगणातल्या दगडाला अडखळून आईचा पाय मुरगळला. ती सवयीने म्हणाली, "भोग आहेत माहे." बाप कडाडला, "भोग नाही, दुक्ख म्हण! भोगाले इलाज नसते. दुक्खाले कारण असते, अन् कारण काढलं का दुक्ख जाते." एवढं बोलून त्याने पहार घेतली आणि तो दगड उपटून फेकला. तेव्हापासून 'भोग' आमच्या घरात नाही. पवनीच्या बाजारात लोक दाढदुखीलाही भोग म्हणतात. म्हणोत.

यंदा माझ्या म्हाताऱ्या बायकोनेच तो शब्द घरात आणला. चहा ओतताना ती कपात बोट धरू लागली, किती भरला ते कळावं म्हणून. डॉक्टर म्हणाला मोतीबिंदू आहे, भंडाऱ्याला ऑपरेशन करून घ्या.

"राहू द्या," ती म्हणाली. "म्हातारपनाचा भोग आहे. भोगीन."

"या घरात तो शब्द चालत नाही."

"घर तुमच्या बापाचं. डोळे माहे आहेत."

"काहून भेऊन राहिली?"

"पट्टी सोडल्यावर बी अंधारच दिसला त?"

"मी आहो ना, हात धरून फिरवाले."

"तुमी? बाजेवरून उठता येत नाही धड! गुडघा दाखवा म्हनलं का म्हनता, वात आहे, राहाचाच. तो काय आहे मंग? भोगच ना?"

बाप असता तर पहार घेऊन माझ्याच मागे लागला असता.

सकाळी धोतर बदललं. "चाल. तुह्या डोळ्याचं करू, मंग माह्या गुडघ्याचं."

"आधी गुडघा दाखवा. आंधळीले सांभाळाले मानूस त धड पाह्यजे."

एसटीत चढताना तिने मला खालून रेटलं. वर उभा राहून मी तिला पायरी सांगितली. दवाखान्यात आधी माझा गुडघा दाखवला, तेव्हाच ती आपल्या डोळ्यासाठी आत गेली.

ऑपरेशन झालं. पट्टी उद्या सुटेल. दिसलं तर बरंच. नाही दिसलं तर कारण विचारीन, आणि ते कळेपर्यंत दवाखान्याच्या या बाकावरून उठणार नाही. तसाही गुडघा अजून उठू देत नाही.