नितीनचाच फोल्डर का रिकामा होत होता?

भूतबीत मी मानत नाही, आजही नाही. अंबरनाथला राहतो, नेटवर्किंगची कामं करतो... मशीनमध्ये काही बिघडलं की कारण सापडतंच, हा आजवरचा अनुभव. बदलापूरचं ते एक ऑफिस सोडून.

रमाकांतदादा आणि नितीन, सख्खे भाऊ. घरांचे नकाशे काढायचं वडिलांचं ऑफिस दोघं चालवत होते. वडील – आप्पा – वर्षापूर्वी गेले, तेव्हापासून भावांत धड बोलणं नव्हतं. उल्हासनगर कॅम्प १ च्या बाजारातून जुना पीसी आणून मी त्याचा सर्व्हर केला; लिनक्स टाकलं, फाइल्स शेअर करायला सांबा बसवला, प्रत्येकाला लॉगिन आणि एकेक फोल्डर दिला. दोघांना एकमेकांचं काम दिसावं, एवढंच.

दुसऱ्याच दिवशी नितीनचे नकाशे गायब.

"दादानीच उडवले," नितीन म्हणाला.

"मी हात पन नाय लावला," दादा म्हणाले. मग माझ्यावर घसरले, "तुम्हीच कायतरी करून ठेवलंय."

बॅकअपवरून फाइल्स परत टाकल्या. पुन्हा गेल्या... कुणी काय केलं याची नोंद ठेवणारा लॉग बघितला, तर डिलीट करणाऱ्या युजरचं नावच रिकामं. लॉगिन फक्त दोन होती, अ‍ॅडमिनचा पासवर्ड फक्त माझ्याकडे.

तिसऱ्यांदा फाइल्स टाकल्या आणि भर दुपारी दोघांसमोर सर्व्हरची नेटवर्क केबल उपटली. वायफाय नव्हतंच. कीबोर्ड-माउसही काढून ठेवले. स्क्रीनवर नितीनच्या फोल्डरची यादी उघडी होती. पाचेक मिनिटांनी एक नाव गेलं. मग दुसरं... सगळी यादी संपली आणि तिथे एक नवा फोल्डर आला. नाव – "माझ्या जागेत नको".

मला काहीच कळलं नाही. नितीनचा चेहरा मात्र उतरला.

"आप्पा मला हेच बोलले होते. हॉस्पिटलात, या ऑफिसबद्दल. शेवटचं."

दादा खाली बसले. हे त्यांना माहीतच नव्हतं. नितीन भांडला नाही... बॅग उचलली आणि गेला. आता अंबरनाथला त्याचं वेगळं ऑफिस आहे, बॅकअप मीच नेऊन दिला.

डिस्क दोन जाणकारांना दाखवली. कुणालाच काही सापडलं नाही. मलाही नाही.

सर्व्हर काढायला गेलो तेव्हा दादांनी हळूच विचारलं, "खरं सांगा, तुम्हीच केलं होतं ना?"

"नाही," म्हणालो.

"म्हणजे आप्पांनीच..." म्हणत ते नितीनच्या रिकाम्या खुर्चीकडे वळले. मी हो म्हणायला हवं होतं त्यांना.