खंडूभाऊंनी डॉक्टरांना सांगितलं

मोटार सुरू करण्याआधी खंडूभाऊ मागे वळून प्रत्येक उतारूचा चेहरा एकदा बघत. मी कारण विचारलं तेव्हा म्हणाले, "गुर्जी, कोन बसलंय ते म्हाईत असलं की हात आपसूक जपून चालतो."

राजूर-संगमनेर रस्त्यावर ते एका शेठजींची सर्व्हिस मोटार चालवत. लढाईच्या दिवसांत पेट्रोल मिळेना, तेव्हा कोळशाच्या गॅसवर धापा टाकणारी तीच मोटार त्यांनी घाट चढवून नेली. मी राजूरच्या शाळेत मास्तर होतो. सुट्टीत घरी जाताना त्यांच्या शेजारी बसायचो. त्यांची बायको पहिल्या बाळंतपणात गेली, मूलही राहिलं नाही. दुसऱ्या लग्नाचा विषय काढला की म्हणत, "दिसभर मोटार भरलेली असती. एकटं वाटाया येळ कुटंय?"

स्वातंत्र्यानंतर सरकारी मोटारी सुरू होणार, जुन्या ड्रायव्हरांना त्यात घेणार, अशी बातमी आली. नोकरी कायमची, फक्त नगरला डॉक्टरी तपासणीत पास व्हायला हवं. त्याच सुमारास एकदा घाटातल्या वळणावर मोटार कडेला सरकत जाऊन थांबली. उतारूंना वाटलं, इंजिन तापलं. खंडूभाऊ उतरून दगडावर बसले. मी पाणी दिलं.

"मदी थोडा येळ मी न्हवतोच, गुर्जी," ते हळू आवाजात म्हणाले. "सावध झालो तवा पाय ब्रेकवर हुता. कसा ग्येला, ठावं न्हाई. घरी बी एकदा असाच पडलो हुतो."

वाटेवरच्या अकोले गावाहून दुसरा ड्रायव्हर येईपर्यंत त्यांनी मोटारीला हात लावला नाही.

तपासणीच्या दिवशी मलाही नगरला काम होतं, म्हणून बरोबर गेलो. डॉक्टरांनी त्यांचे डोळे, कान, छाती बघितली, रंगीत लोकरीचे धागे ओळखायला लावले. दारापाशी बसलेल्या मला सगळं ऐकू येत होतं.

"ठणठणीत आहात," डॉक्टर म्हणाले. "फेफरं वगैरे काही?"

आधीच्या सगळ्यांनी या प्रश्नाला मान हलवून नाही म्हटलं होतं.

"व्हय साहेब. दोनदा आलंय. एकदा घरी, एकदा मोटार चालवताना."

डॉक्टरांनी टाक खाली ठेवला. "मग मला तुम्हाला पास करता येणार नाही."

"ठावं हाय, साहेब."

त्यानंतर डॉक्टर प्रत्येकाला खोदून खोदून विचारू लागले. आणखी काही जण नापास झाले. बाहेर खंडूभाऊंचा जुना सोबती, संगमनेरचा एक ड्रायव्हर, त्यांना म्हणाला, "तुला नोकरी सोडायची हुती तर गुमान सोडायची. आमच्या पोटावर कशापायी पाय दिला?" समोरच्या हॉटेलात सगळे चहाला गेले. खंडूभाऊंना कोणी बोलावलं नाही.

शेठजींनीही त्यांना कामावरून काढलं. फेफऱ्याची गोष्ट राजुरात पसरली. बाया पोरांना त्यांच्या ओट्यावर जाऊ देईनात. एका व्यापाऱ्याकडे हिरड्याची पोती शिवायचं काम मिळालं, तेही मागच्या खोलीत, एकट्यानं. मी अधूनमधून जाऊन बसायचो. एकदा विचारलं, "पस्तावा होतो का?"

"व्हतो की," दाभण न थांबवता ते म्हणाले. "गप ऱ्हायलो असतो तर आज मानसांत असतो. मंग ते वळन आठवतं."

माझी बदली झाली तेव्हा माझी ट्रंक मोटारीवर चढवायला ते आले. आता सरकारी मोटार होती, ड्रायव्हर तरणा होता. मी आग्रह केला म्हणून ते अकोल्यापर्यंत माझ्या शेजारी बसले. घाटात प्रत्येक वळणाला त्यांचा उजवा पाय मोटारीच्या तळाच्या फळीवर दाबला जात होता.

अकोल्याला उतरल्यावर म्हणाले, "बरा चालवतो पोरगा." परतीची मोटार लागलीच होती. मी तिकीट काढून देतो म्हणालो, तर "नगं गुर्जी, बसलं की पाय ब्रेक हुडकतो," म्हणाले आणि राजूरच्या रस्त्यानं, कडेकडेनं, पायी चालू लागले.