एकशे ऐंशी पानांचा एकच परिच्छेद

रोणच्या बसस्टँडमागं कस्तूरक्काचं टायपिंगचं दुकान आहे आणि त्याला खेटून माझं वह्या-कागदांचं. मला या गावात छत्तीस वर्षं झाली. चौथीपर्यंतची शाळा तिकडं माणदेशात, बाकीची सगळी या दुकानाच्या फळीवर बसून. इथं काय काय पाहिलं ते सांगत बसलो तर तुमचा चहा निवायचा. पण द्यामण्णा हेळव्याची गोष्ट सांगितल्याशिवाय मी कुणाला उठू देत नाही.

हेळवी म्हणजे घराण्यांच्या वंशावळी पाठ असलेला माणूस. वर्षा-दोन वर्षांनी बैलावर बसून दारात येणार, घंटा वाजवणार आणि मूळपुरुषापासून परवा जन्मलेल्या पोरापर्यंत सगळं म्हणून दाखवणार. कोण कुणाचा मुलगा, बायको कुठल्या गावची, कोण कुठं जाऊन राहिला. द्यामण्णाकडं एकोणीस गावं होती. त्याच्या घरची एक रीत होती: एकदा म्हणायला लागलं की शेवटच्या पोरापर्यंत मध्ये थांबायचं नाही. थांबलास तर त्या घराचा वंश तू तोडलास. त्याच्या बापाला भर अंगणात म्हणता म्हणता विंचू चावला. लोक पायाला दोरी आवळतायत, हा घामानं निथळतोय आणि तोंडानं आपलं ‘त्याचा मुलगा हा, त्याचा मुलगा तो’ चालूच. शेवटचं नाव घेतलं आणि मगच बोंब मारली. हे ऐकलं तेव्हा माझ्या हातातली चंची खाली पडली होती.

दोन वर्षांपूर्वी द्यामण्णाला मोठा ताप आला. ताप गेला, पण जाताना नावं घेऊन गेला. एका दारात मध्येच अडकला, पुढचं नावच येईना. घरी येऊन बापाच्या चोपड्यांचा पेटारा उघडला तर पुठ्ठे शाबूत आणि आत नुसती माती. वाळवी! आता जेवढं डोक्यात उरलं होतं तेवढंच, आणि तेही रोज थोडं गळत होतं.

मग अडुसष्ट वर्षांचा हा माणूस एक दिवस कस्तूरक्काच्या मशीनसमोर, म्हणजे कॉम्प्युटरसमोर, येऊन बसला. “मला शिकव. ही नावं मी दुसऱ्याच्या हातानं लिहू देणार नाही.” दोन बोटांनी टकटक करत त्यानं सात महिने बसून हिरेकोप्पच्या गौडांचं, म्हणजे तिथल्या पाटलांचं, घराणं उतरवलं. सगळ्यात मोठं तेच. एका डोळ्यात मोतीबिंदू. प्रत्येक नावाची मशीनला आधी ओळख करून द्यायचा, “हा माणूस खरा आहे, ध्यानात ठेव” असं म्हणत. म्हणजे शेवटी तपासणी लावली की टाइप करताना चुकलेलं नाव तेवढं मशीननं दाखवावं.

तो शेवट गेल्या फाल्गुनात एका गुरुवारी आला. त्या घराण्याचे कर्ते शिद्दनगौडा, त्यांच्या नातवाचं चार वाजता बारसं. सगळी भावकी जमणार, वंशावळ वाचली जाणार, पोराचं नाव तिच्यात चढणार. छापील कागद न्यायला गौडा स्वतः दहा वाजता आले.

कस्तूरक्कानं तपासणीचं बटण दाबलं. पडदा दुधासारखा पांढरा पडला. त्यावर एक चक्र गरगरायला लागलं.

“विचार करतंय,” द्यामण्णा म्हणाला.

“अर्धा तास?” गौडा म्हणाले. “माझी बायको साडी निवडायला एवढा वेळ घेत नाही.”

“अण्णा, थिजलंय ते.” कस्तूरक्कानं मशीन बंद करून पुन्हा चालू केलं. फाईल उघडली, तपासणी लागली, पुन्हा पांढरं. पेनड्राइव्हमध्ये ठेवलेली दुसरी प्रत लावली, तीच गत. द्यामण्णाचा चेहरा बघवेना. “एव्वा, आत माणसं आहेत गं माझी. बाहेर कुठंच नाहीत आता.”

कस्तूरक्का घाबरणारी नव्हे. तिनं आधी कोरं पान उघडलं, त्यात ती आपोआप चालणारी तपासणी बंद केली आणि मग द्यामण्णाची फाईल उघडली. उघडली! नावं दिसली. मी टाळी वाजवली.

“चला, छापा,” गौडा म्हणाले.

“तपासल्याशिवाय?” द्यामण्णा उठून उभाच राहिला. “गौडरे, आंधळ्या डोळ्यानं लिहिलंय मी. मेलेल्या माणसाचं चुकीचं नाव माझ्या हातून बाहेर जायचं नाही.”

कस्तूरक्कानं स्वतःची एक चार पानी फाईल तपासायला लावली. चटकन तपासून झाली. म्हणजे मशीन धड होतं, दुखणं फाईलमध्ये होतं. तिनं एक बटण दाबलं. त्यानं न दिसणाऱ्या खुणा दिसतात म्हणे, कुठं जागा सोडली, कुठं परिच्छेद संपला. ती पानं सरकवत गेली. दहा. पन्नास. शंभर. मग खुर्चीला टेकली आणि माझ्याकडं बघत राहिली.

“अज्जा, एकशे ऐंशी पानं आहेत आणि परिच्छेद एकच.”

“म्हणजे?” मी विचारलं.

“म्हणजे सात महिन्यांत अण्णानं एकदाही एंटर दाबलेलं नाही.”

“कसं दाबीन?” द्यामण्णा म्हणाला. “थांबायचं नसतं. काल जिथं उठलो तिथं स्वल्पविराम, आज तिथून पुढं.”

मी तोंडावर हात ठेवला. इतकी वर्षं कागद विकतोय, असा लिहिणारा पाहिला नव्हता!

“मशीन एक परिच्छेद एका घासात उचलतं,” कस्तूरक्का म्हणाली. “एवढा घास त्याच्या घशात अडकलाय. दोन-चार ठिकाणी तोडू दे मला.”

“तोडायचं नाही.”

“बरं, वेगळी प्रत काढून तिच्यात तोडते. चुका कळल्या की मूळ प्रतीत दुरुस्त करू.”

“त्या प्रतीतली माणसं खोटी आहेत का गं?”

बारा वाजून गेले होते. गौडा घड्याळाकडं बघत होते. “अरे द्यामा, तुझ्या हट्टापायी माझा नातू बिननावाचा राहायचा.”

द्यामण्णा हळूच म्हणाला, “एव्वा, मल्लनगौडा सापडतोय का बघ. शेतातली विहीर बांधणारा.”

सापडला.

“त्याच्या नावापुढं दाब.”

“आँ?” गौडा हसले. “तिथं का रे चालतं?”

“कारण तिथं तुटलेलंच आहे, गौडरे.”

बाहेर कंडक्टर गदगची हाळी देत होता.

“मल्लनगौडांना मूल झालं नाही. पुढचे शिवनगौडा, ते जक्कलीच्या हालप्पा धनगराचा मुलगा. आठ दिवसांचा असताना आणला. हे म्हणायचं नसतं, फक्त मनात ठेवायचं असतं.”

गौडांनी हातानं स्टूल चाचपलं आणि बसले. सगळ्या तालुक्यात मिशीला पीळ भरून फिरणारं घराणं ते!

“एकदाच ना?” गौडांनी विचारलं.

“तीनदा.”

“द्यामा!”

“पुढं एकदा घरजावई आणला, त्याचंच नाव चालवलं. आणि प्लेगच्या साली सगळं घर गेलं तेव्हा बटकीचं पोर तेवढं जगलं होतं. त्यालाच गौडकी आली.” द्यामण्णानं हात जोडले. “तुम्ही नको म्हणालात तर दाबत नाही. मशीन असंच राहू दे. दाबलं तर कागदावर नुसती मोकळी जागा दिसेल. जो विचारेल त्यालाच मी सांगणार.”

“माझ्या आजानं विचारलं होतं कधी?”

“विचारलं होतं. ऐकून तीन दिवस जेवले नाहीत. चौथ्या दिवशी माझ्या बापाला बैल दिला.”

गौडांनी तोंड पुसलं. मला वाटलं आता कानाखाली देतात की काय! कस्तूरक्काचं बोट बटणावर अधांतरी.

“दाब, पोरी,” गौडा म्हणाले.

तिनं तीनदा दाबलं. मग तपासणी लावली. चक्र फिरलं, मशीन कण्हलं, आणि चाललं! एक तुकडा संपला, दुसरा, तिसरा, चौथा. चुकलेली चौदा नावं निघाली. द्यामण्णानं नाक पडद्याला लावून एकेक दुरुस्त केलं. पहिला कागद छापून बाहेर आला तेव्हा म्हातारा त्याला नुसता हात लावून बसला. वाचलासुद्धा नाही.

गौडांनी गठ्ठा काखेत मारला, दारापर्यंत गेले आणि वळले. “त्या हालप्पाच्या घरी आता कोण आहे?”

“दोघे भाऊ आहेत. मेंढरं राखतात. त्यांची वंशावळही माझ्याकडंच आहे.”

“त्यांना माहीत आहे हे?”

“त्यांनीही विचारलं होतं.”

गौडांनी खिशातून फोन काढला आणि गड्याला जीप घेऊन जक्कलीला जायला सांगितलं. “दोघांना जेवायला आण. काय म्हणून विचारलं तर सांग, गौडांनी घरच्या कार्याला बोलावलंय.”

कस्तूरक्का माझ्याकडं बघतेय, मी तिच्याकडं. चार वाजता मीही हिरेकोप्पला गेलो. दोन धनगर पहिल्या पंगतीला, गौडांच्या शेजारी, गव्हाची गोड हुग्गी वाढून घेत होते.