निमकर मॅडमच्या त्या दोन ओळी

निमकर मॅडम स्क्रीनवर हात ठेवायच्या. प्रोग्राम बिल्ड करताना, म्हणजे लिहिलेलं यंत्राला कळेल अशा रूपात उतरवताना, चुकांची लांबलचक यादी आली की आम्ही घाबरून शेवटपर्यंत वाचत सुटायचो. मॅडम मागून यायच्या, पहिली चूक तेवढी उघडी ठेवून बाकी सगळं तळहाताने झाकायच्या. म्हणायच्या, “हा नवरदेव. बाकी सगळे बाराती. याला पकड, ते आपोआप घरी जातील.” त्यांच्या बोटांचे ठसे पुसायचं काम माझं.

हिंदी मुलखात, शाहपुऱ्यातल्या आमच्या छोट्या ऑफिसात त्या सर्वांत जुन्या. माहेर ग्वाल्हेरचं, त्यामुळे मराठी निम्मी हिंदीत बुडवलेली. मी पुण्याहून आलेला, साहजिकच नाक मुरडायचो. त्या मला ‘पुण्याचं शुद्ध तूप’ म्हणून चिडवायच्या, आणि डब्यातली भाजी मात्र आधी माझ्यापुढे सरकवायच्या. माझी आई इतक्या लांब असताना मला त्या भाजीचा किती आधार होता, हे मी त्यांना कधी सांगितलं नाही.

मंडीदीपच्या एका कारखान्यासाठी आम्ही औषधांच्या पट्ट्या तपासणारा प्रोग्राम केला होता. पट्टी कॅमेऱ्याखालून जाते, आणि गोळीचा एखादा खण रिकामा असेल तर ती बाजूला पडायला हवी. वेग साधावा म्हणून मॅडमनी मधला भाग असेंब्लीत लिहिला, म्हणजे थेट त्या एका प्रोसेसरच्या बोलीत. शेजारी खुलासा म्हणून एक अक्षर नाही. कुणी टोकलं तर म्हणायच्या, “कशाला लिहायचं? मला मालूम आहे ना.” आणि त्यांना खरोखरच माहीत असायचं. रजेवर असल्या तरी फोनवरून तोंडपाठ सांगायच्या. त्यामुळे आम्हीही निर्धास्त राहिलो.

त्या निवृत्त झाल्या. पुढे कारखान्याने नवी यंत्रं घेतली, त्यांतला प्रोसेसर वेगळ्या जातीचा. बिल्ड कोसळला. मॅडमच्या शिकवणीप्रमाणे मी पहिली चूक पकडायला गेलो, तर इथे प्रत्येक बाराती नवरदेवच निघाला. नव्या प्रोसेसरला त्यांची एकही ओळ कळत नव्हती. शेवटी तो सगळा भाग मी साध्या, कुठल्याही प्रोसेसरवर चालणाऱ्या भाषेत नव्याने लिहिला. बिल्ड झाला. आम्ही कचोऱ्या मागवल्या.

चाचणीत मात्र रिकाम्या खणाची एखादी पट्टी मधूनच निसटून पुढे जाऊ लागली. मॅडमच्या कोडमध्ये दोन ओळी होत्या. वरवर पाहता बिनकामाच्या, म्हणून मी त्या गाळल्या होत्या. त्यांचं नव्या भाषेत जसंच्या तसं भाषांतर करून घातलं तरी जमेना. त्या तिथे का आहेत हेच ठाऊक नसेल, तर नव्या यंत्रावर त्यांच्या जागी काय लिहायचं? सगळ्यांनी डोकी लढवली आणि हात टेकले. एखाद्या आजाऱ्याच्या पट्टीत नेमकी त्या दिवसाची गोळीच नसेल, या विचाराने मला जेवण जाईना.

मी मिसरोदला त्यांच्या घरी गेलो. निमकरकाकांनी फोनवर आधीच सांगितलं होतं, हल्ली ती फार विसरते, फारशी आशा ठेवू नकोस. तरी मी ठेवलीच. मॅडमनी दार उघडलं आणि म्हणाल्या, “या ना, बसा.” मला त्यांनी कधी अहोजाहो केलं नव्हतं.

लॅपटॉप पुढे ठेवला, जुना कोड उघडला. त्यांनी चष्मा लावला आणि चेहराच पालटला. ओठ हलवत, एकेक ओळ बोटाने धरत त्या खाली येऊ लागल्या. कुठे अडल्या नाहीत. त्या दोन ओळींपाशी बोट थांबलं, आणि गुंता सुटल्यावर हसायच्या तशा त्या हसल्या. मी लिहून घ्यायला वही उघडली.

“बढिया लिहिलंय,” त्या म्हणाल्या. “हे उगीच नाही हं. काहीतरी सोचून टाकलंय.”

“का टाकलं असेल, मॅडम?”

त्यांनी त्या दोन ओळी पुन्हा बोटाने धरून वाचल्या. हसू हळूहळू मावळलं. मग लॅपटॉप माझ्याकडे सरकवत, समजूत घातल्यासारख्या म्हणाल्या, “ज्याने लिहिलंय त्यालाच विचारा ना. त्याला मालूम असणार.”

निमकरकाका पाणी आणायचं निमित्त करून आत गेले.

“हो,” मी म्हणालो, “विचारतो.”

“लवकर विचारा,” त्या म्हणाल्या.