आजोबांनी ठोकून कापलेलं गॅस्केट

मित्रांनो, हात अजून ग्रीसने काळे आहेत, पण हे सांगितल्याशिवाय चैन पडणार नाही.

आमच्या बदनापूरच्या अंगणात आजोबांचा जुना ट्रक उभा आहे. इंजिन चालू व्हायचं, मधेच पिसाळल्यासारखं पळायचं नि बंद पडायचं. काल मी मॅनिफोल्डच्या, म्हणजे इंजिनात हवा नेणाऱ्या नळ्यांच्या, जोडावर वरूनच सीलंट फासलं. फरक शून्य.

माझे वडील, आबा, शहाऐंशी वर्षांचे. बाजेवर बसून नुसतं ऐकत होते. "हवा ओढून राह्यलं ते. वरून लेप लावून काय व्हतंय? खोल बराबर."

आज खोललं. जोडातून हवा शिरू नये म्हणून आत घातलेलं पुठ्ठ्याचं गॅस्केट, एका कोपऱ्यात चिरलेलं. आजोबांनी पुठ्ठा इंजिनवर धरून हातोडीने ठोकून कापलेलं. कडेला एकेक ठोका अजून दिसतो! निजामाच्या काळापासून तो जोड कुणी उघडलाच नव्हता.

रॉकेलने पुसलं तर उर्दू अक्षरं उमटली. आबांनी भिंग लावलं आणि अक्षरांवरून बोट फिरवलं.

"ही माझी शाळेची किताब हाये. पुठ्ठा हरवला म्हनून मास्तरानं लई मारल्तं. अन् मी आजपोहोत दोस्तावर आळ घेऊन राह्यलो."



मी तसंच ठोकून नवं गॅस्केट कापलं, बसवलं. इंजिन एका लयीत चालू लागलं. आबा बॉनेटवर हात टेकवून कितीतरी वेळ ऐकत राहिले. मग म्हणाले, "पुठ्ठा कशाचा घेतला रे?"

लेकीच्या चित्रकलेच्या वहीचा. ती पाचला शाळेतून येईल. काय सांगू तिला?