निशाणी डावा अंगठा

पेठेतल्या मराठी शाळेत मी वीस वर्षं इतिहासाचे पेपर तपासले ते मुद्दे मोजून. पाच कारणं विचारली की पाच कारणं, पाच गुण. अक्षर वळणदार असेल तर हात जरा सैलही सुटायचा. मग वारज्याच्या एका नव्या शाळेत लागले. तिथे परदेशी अभ्यासक्रम आणि इंग्रजी माध्यम होतं, आणि इतिहासाच्या परीक्षेत एक निबंध असायचा. मुलांना सात जुने कागद द्यायचे. त्यात कुणाचं पत्र, एखादा सरकारी हुकूम, वर्तमानपत्राचं कात्रण असं काही. त्यांच्या आधारे तासाभरात एका प्रश्नाचं उत्तर लिहायचं. गुणही सातच.

हा निबंध तपासायचा कसा, ते शिकायला शाळेने मला दोन दिवस खराडीला धाडलं. काचेच्या इमारतीत माझ्या निम्म्या वयाची एक मुलगी आम्हां दहा-बारा शिक्षकांना शिकवत होती. तिने एक नमुना उत्तर दिलं. मी सहा गुण दिले. तिने दोन दिले होते.

"अहो, या मुलाला किती माहीत आहे!" मी म्हणाले.

"माहीत आहे ना. पण समोरच्या कागदांचं त्याने काय केलं?"

मग तिने फळ्यावर मांडलं. ठाम विधान केलं तर एक गुण. त्या काळाची पार्श्वभूमी दिली तर एक. कागद नुसते उतरवून न काढता विधानासाठी वापरले तर दोन. कागदांबाहेरचा एखादा पुरावा आणला तर एक. सहावा गुण कागद कुणी लिहिला, कुणासाठी आणि का, हे विचारणाऱ्याला. आणि सातवा सहसा कुणालाच मिळत नाही, असं ती म्हणाली. तो आपल्याच उत्तरावर शंका घेणाऱ्याला. हे असंच कशावरून? दुसरं काही असू शकेल का?

परतीची बस धरली. येरवड्याला सिग्नलवर बस थांबली, शेजारून तुरुंगाची भिंत लांबवर गेलेली. वीस वर्षांत मी एकाही मुलाला 'हे कुणी लिहिलंय' असं विचारलं नव्हतं. मला ते नवं हत्यार फार आवडलं. इतकं आवडलं की ते कुणाच्या हातात देतेय याचा विचारच केला नाही.

त्या वर्षी बारावीच्या वर्गात एक मुलगी होती. जवळचंच एक गाव शहराच्या हद्दीत आलं होतं, त्या गावातली. घरची शेती, पण शेती म्हणजे आता बिल्डरचे फलक लावलेले रिकामे तुकडे. वर्गातली बाकीची मुलं इंग्रजीत बोलत, ही ऐकत बसे. पण निबंध लिहायला लागली की सहावा गुण हमखास तिचा. एका हुकुमाबद्दल तिने लिहिलं होतं, 'ज्याला हुकूम पाळवून घेता येत होता त्याला तो तीनदा काढावा लागला नसता.' मी ते वाक्य शिक्षकांच्या खोलीत सगळ्यांना वाचून दाखवलं.

दिवाळीच्या सुट्टीत मी मुलांना एक काम दिलं. घरातले पाच जुने कागद शोधा, स्वतःच प्रश्न तयार करा आणि निबंध लिहा. कुणी पणजोबांची नेमणुकीची पत्रं आणली, कुणी रेशनकार्ड, कुणी लग्नपत्रिका. तिने कागदांच्या झेरॉक्स आणि सहा पानांचा निबंध आणला. प्रश्न असा होता: 'आमच्या घरातल्या बायकांनी जमीन स्वतःहून सोडली का?'

मी तो घरी, दुपारी, चहा घेता घेता वाचायला घेतला. चहा तसाच राहिला.

पाच कागदांत एक सातबाराचा उतारा होता, एक आजोबांची वही, एक लग्नपत्रिका, आत्याने सासरहून लिहिलेलं एक पत्र आणि एक हक्कसोडपत्र. वडिलांच्या जमिनीतला माझा हिस्सा मी राजीखुशीने भावांना देत आहे, असं त्या आत्याच्या नावाने लिहिलेलं. खाली सही नव्हती. 'निशाणी डावा अंगठा' असं लिहून शेजारी एक काळा ठसा होता. मुलीने लिहिलं होतं की आत्या सातवी शिकलेली आहे. पत्रात तिची सही आहे, तीही पूर्ण नावाची, खाली रेघ ओढलेली. पत्र आधीचं आहे, हक्कसोडपत्र नंतरचं. मधल्या काळात कुणी सही विसरत नाही. म्हणून तो अंगठा आत्याचा नसावा.

माझ्या मनात आधी आलं ते शिक्षिकेचंच. किती सुरेख पकडलंय पोरीने! मग हे कुणाच्या घरातलं आहे ते लक्षात आलं. मी पानं उलटी ठेवली, पुन्हा सरळ केली. तेव्हाच तिला बोलावून, हा कागद परत घरी ने आणि कुणाशी बोलू नकोस, असं सांगायला हवं होतं. मी गुण दिले. सातपैकी सहा. आणि लाल पेनने समासात लिहिलं, 'तू एकाच शक्यतेवर थांबलीस. सही येत असताना अंगठा असण्याचं आणखी काही कारण असू शकेल का? शोध.'

तिने शोधलं. म्हणजे घरी विचारलं, जेवताना, सगळ्यांसमोर.

दुसऱ्या दिवशी ती आली नाही. तिसऱ्या दिवशीही नाही. फोन लावला तर बंद. चौथ्या दिवशी तिचे थोरले काका शाळेत आले. पांढरा शर्ट, पांढरी पँट, बोलणं एकदम मऊ. मुख्याध्यापिकांनी त्यांना माझ्याकडे आणून सोडलं आणि स्वतः निघून गेल्या. जाताना त्यांनी दार लावून घेतलं, ते मला अजून आठवतं.

"बाई, पोरगी तुमचं लई नाव घेती," ते म्हणाले.

"हुशार आहे. बरी आहे ना? आली नाही चार दिवस."

"बरी हाय. घरीच हाय." त्यांनी निबंधाची पानं माझ्यासमोर ठेवली. "हे इंग्रजी आमाला काय कळत न्हाई. तुम्ही जरा मराठीत सांगा. वाचा निवांत, आपल्याला घाई न्हाई."

मी वाचायला लागले. जमिनीचा इतिहास सांगितला, उतारा सांगितला, आजोबांची वही सांगितली. पुढच्या परिच्छेदाशी माझा आवाज बदलला, माझा मलाच कळला. तो परिच्छेद मी गाळला. बायकांनी कुटुंबासाठी त्याग केला असं तिला म्हणायचंय, असं काहीतरी बोलून शेवटच्या पानावर आले.

ते माझ्याकडे बघत होते. रागाने नाही. एखादा हिशेबी माणूस भाजीवालीच्या तराजूकडे बघतो, तसे.

"आन् अंगठ्याचं?" ते म्हणाले. "ते राहिलं."

कुणाकडून तरी त्यांनी सगळं आधीच वाचून घेतलं होतं. मी काय सांगते, तेवढंच बघायला आले होते. मी तो परिच्छेद वाचला, शब्दाला शब्द. त्यांनी शांतपणे ऐकला आणि मग समासातल्या लाल अक्षरांवर बोट ठेवलं.

"हे तुमचं अक्षर ना? शोध म्हणून तुम्हीच लिवलंय."

"हो."

"तुम्ही राहता कुठं बाई? पेठेत म्हणं. जुना रस्ता हाय, अरुंद. येताना-जाताना सांभाळून."

बाकी काही नाही. दम दिला असंही म्हणता येणार नाही. निबंधाची पानं त्यांनी उचलली आणि माझ्याकडच्या झेरॉक्स मागितल्या, त्या मी दिल्या. शाळेच्या फायलीत निबंधाची एक प्रत होती, तीही काढून दिली. कुणी सांगितलं नव्हतं. मीच उठले, कपाट उघडलं आणि दिली. नमस्कार करून ते गेले.

आठवड्याने ती वर्गात आली, नेहमीच्या जागेवर बसली. मी हजेरी घेताना तिने मान वर केली नाही. तास संपल्यावर मी हाक मारली तर म्हणाली, "मॅडम, मी ठीक आहे. आता घरचे कागद नको, पुस्तकातलेच द्या." तिच्या मनगटावर बांगड्यांच्या वर एक रुमाल बांधलेला होता. मी त्याबद्दल विचारलं नाही. पुढे वर्षभर मी रोज पेठेतून चालत बसस्टॉपला जायचे तेव्हा मागून मोटारसायकलचा आवाज आला की भिंतीला चिकटायचे.

परीक्षेच्या थोडं आधी, एका शनिवारी दुपारी, माझ्या घराची बेल वाजली. दारात पन्नाशीची बाई, नऊवारी, डोक्यावर पदर, हातात कापडी पिशवी. "मी तिची आत्या," ती म्हणाली. पत्ता मुलीने दिला होता. मी तिला आत घेतलं आणि आधी दाराची कडी लावली.

पाणी प्यायली आणि म्हणाली, "तिनं माझ्याबद्दल काय लिवलं ते मला सांगा. मला कुणी दावलंच न्हाई."

कागद माझ्याकडे नव्हते. आठवेल तसं सांगितलं. सहीचं, पत्राचं, रेघेचं. अंगठा तुमचा नसावा असं तिने लिहिलंय, हेही सांगितलं. ती जरा हसली.

"पोरगी चुकली. अंगठा माझाच हाय."

मी तिच्यासमोर बसले.

"मी सही करणार न्हाई म्हनलं. दोन दिवस म्हनलं. तिसऱ्या दिवशी कचेरीतला मानूस घरी आनला. एकानं खांदे धरले, एकानं हात धरला. अंगठ्याला काय लिवता येतंय का वाचता येतंय? तो दाबला की झालं. कचेरीतला खिडकीतून बाहेर बघत व्हता." तिने डावा हात पदराखाली घेतला. "खांदे धरले ते तिच्या बापानं. तेवढं तिला सांगू नका. तिला त्याच घरात ऱ्हायचंय."

वकील गाठता येईल, अजून काही करता येईल, असं मी म्हणाले. तिने माझ्याकडे असं पाहिलं की मीच थांबले. पिशवीतून तिने मूठभर चिंचा काढून ओट्यावर ठेवल्या आणि गेली. पुन्हा कधी भेटली नाही.

मुलीला त्या परीक्षेत उत्तम गुण मिळाले. ती बंगळूरला शिकायला गेली, वसतिगृहात. घरच्यांनी इतक्या लांब पाठवलं याचं मुख्याध्यापिकांना फार कौतुक वाटलं. मला मात्र वाटलं की तिला घरापासून लांब ठेवलंय. त्यांच्या जमिनीवर तेव्हा पायाचे खड्डे खणायला सुरुवात झाली होती. माझी बस तिथूनच जायची.

तिकडून एकदा तिचा फोन आला. इकडचं तिकडचं बोलली, मेसचं जेवण, पाऊस.

"मॅडम, एक विचारू? आत्याने तुमचा पत्ता मागितला होता माझ्याकडे. ती आली होती का तुमच्याकडे? काही बोलली?"

खाली गल्लीत कुणीतरी मोटारसायकल सुरू करत होतं. ती सुरू होत नव्हती.

"नाही गं," मी म्हणाले. "कुणी आलं नव्हतं."

तिला मीच शिकवलं होतं, सांगणारा कोण आणि का सांगतोय ते आधी बघायचं. मग "बरं" म्हणाली आणि तिने फोन ठेवला.